बैठकीतला कॉम्प्युटर

मी कवी माणूस. मराठीत कविता लिहितो, जुन्नरच्या एका पतसंस्थेत खाती लिहितो, आणि मराठी विषय घेऊन बी. ए. झालो त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. आकाशवाणीतून फोन आला, 'तुमच्या आवडीच्या विषयावर बोला.' समोरच्यांना वाटलं असणार, हा पावसावर बोलेल, नाहीतर शिवनेरीवर. मी म्हटलं, 'गेम खेळायला लॅपटॉप बरा की डेस्कटॉप, यावर बोलतो.' पलीकडे जरा वेळ शांतता. मग विचारणा झाली, 'हे कवितेचं नाव आहे का?'

कवितेचं नाव नाही. 2023 च्या उन्हाळ्यात आमच्या घरात दीड-दोन महिने हा एकच विषय चालू होता. बी. ए.ला मी भाषाशास्त्राचा पेपर जेवढा वाचला नाही, तेवढं त्या दिवसांत वॉट, रॅम आणि ग्राफिक कार्ड वाचलं. म्हणून म्हटलं, कष्ट वाया का घालवा!

आमची लेक त्या वर्षी बारावी झाली. ती लहानपणापासून गेम खेळते. मुलगी गेम खेळते म्हटलं की आजही लोक माझ्याकडे जरा निरखून बघतात. त्याची एक हकिगत आहे. आमचं घर जुन्नर गावात, पण तिचं आजोळ आंबेगाव तालुक्यात, उसाच्या पट्ट्यात. ऊस आला तसा उसात बिबट्या आला. 2001 ते 2003 या काळात जुन्नर वनविभागात बिबट्याचे माणसांवरचे हल्ले फार वाढले होते. पुढे माणिकडोहला पकडलेल्या बिबट्यांसाठी निवारा केंद्र झालं. तरी प्रश्न मिटला नाही. 2025 च्या नोव्हेंबरात मंचरला लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला तो बिबट्याच्याच कारणानं. आमच्या दोन्ही तालुक्यांतल्या एका आख्ख्या पिढीला दिवेलागणीच्या आत घरात घेतलं गेलं. मुलगे तरी मोठे झाल्यावर मोटारसायकल काढून जातात. मुलींना घरात घ्यायला बिबट्या हे एक आणखी चांगलं निमित्त मिळालं. मग घरात बसून पोरीनं करायचं काय? तिच्या मामूच्या मुलाकडे कॉम्प्युटर होता. सुट्टीत आजोळी गेली की संध्याकाळपासून ती त्याच्यासमोर. नंतर मोबाइलवर पबजी आलं. 2020 च्या सप्टेंबरात सरकारनं ते बंद केलं तेव्हा तिच्या अम्मीनं शुक्राना अदा केला होता.

तर बारावी झाल्यावर लेक म्हणाली, 'अब्बा, मला गेमिंग लॅपटॉप पाहिजे.' माझी पोस्टातली रिकरिंग नुकतीच संपली होती. तिला ती तारीख माझ्यापेक्षा जास्त पाठ होती.

तिची अम्मी म्हणाली, 'घ्यायचा तर टेबलावरचा घ्या. बैठकीत राहील. डोळ्यांसमोर.'

मीही डेस्कटॉपच म्हटलं. माझी कारणं वेगळी होती, निदान मी तसं सांगत होतो. घरात आम्ही दखनी बोलतो, तेव्हा भांडण मराठीत सांगताना त्याची निम्मी चव जाते. पण थोडक्यात असं, की तिघांची तीन टोकं झाली आणि आम्ही नारायणगावच्या एका दुकानात गेलो.

दुकानातला मुलगा पंचविशीचा असेल. त्यानं माझ्यासमोर दोन कागद ठेवले. एकावर लॅपटॉप, दुसऱ्यावर डेस्कटॉपचे सुटे भाग. दोन्ही लाखाच्या आतले. दोन्हींत ग्राफिक कार्डाचं नाव एकच, आरटीएक्स 3060. मी म्हटलं, 'मग फरक काय? एक घडी घालून नेता येतो, तोच घेऊ.' तो हसून म्हणाला, 'चाचा, नावावर जाऊ नका.'

खरं म्हणजे नावावर जाऊ नये, हे आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको. आंबेगाव तालुका म्हणतात, पण कचेरी घोडेगावला. आणि ज्याच्या नावानं तालुका, ते मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलेलं. ग्राफिक कार्डाचंही तसंच निघालं. डेस्कटॉपमधलं 3060 हे 170 वॉट वीज खातं आणि त्याला स्वतःची 12 जीबी मेमरी. त्याच नावाचं लॅपटॉपमधलं कार्ड 60 ते 115 वॉटवर चालतं, आणि मेमरी 6 जीबी. 60 की 115 हे लॅपटॉप बनवणाऱ्यानं ठरवायचं. म्हणजे एकाच नावाचं कार्ड असलेले दोन लॅपटॉपसुद्धा सारखे धावतील असं नाही. पुढे 2025 मध्ये 5070 नावाचं कार्ड आलं, त्यातही रीत तीच राहिली: टेबलावरच्याला 250 वॉट आणि 12 जीबी, मांडीवरच्याला जास्तीत जास्त 100 वॉटच्या आसपास आणि 8 जीबी.

वॉटचं एवढं काय, असं मला वाटलं होतं. पण गेममधलं चित्र हे सिनेमासारखं आधी काढून ठेवलेलं नसतं. तुम्ही मान वळवली की नवं चित्र, पळालात की नवं चित्र. सेकंदाला साठ, कधी शंभरच्या वर चित्रं त्या कार्डाला त्याच क्षणी काढावी लागतात. कामाला वीज लागते, विजेची उष्णता होते, आणि उष्णता बाहेर काढायला जागा लागते. जागा हाच सगळा मामला आहे. डेस्कटॉपच्या पेटीत मोठे पंखे बसतात, वारा खेळतो. लॅपटॉपमध्ये बोटभर जाडीत सगळं कोंबलेलं. ते तापलं की स्वतःच आपला वेग कमी करतं, नाहीतर पंखे असे घोंगावतात की शेजारी पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं वाटतं.

नारायणगावला पाडव्याच्या आधी तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे लोक जत्रेची सुपारी द्यायला तिथं येतात. फडाचं सगळं ट्रकमध्ये मावतं: रंगमंच, दिवे, जनरेटर, पेट्या. म्हणून तो रोज रात्री वेगळ्या गावात उभा राहू शकतो. त्याला कुणी थिएटरातल्या झुंबराबद्दल विचारत नाही. मी दुकानातल्या मुलाला हे सांगितलं. तो म्हणाला, 'बरोबर चाचा, पण फडाला जनरेटर असतो. लॅपटॉप बॅटरीवर गेम खेळायला लागलात तर तासाभरात मान टाकतो.'

तेही मी नंतर तपासून बघितलं. मला वाटायचं, लाइट गेली की लॅपटॉप चालूच राहणार, म्हणजे जुन्नरसाठी हेच यंत्र. वाचायला-लिहायला ते खरं आहे. गेमच्या बाबतीत नाही. विमानात सोबत न्यायच्या बॅटरीला सर्वसाधारणपणे 100 वॉट-तासांची मर्यादा असते, म्हणून मोठ्यात मोठ्या लॅपटॉपची बॅटरीसुद्धा 99 च्या आसपास थांबते. गेमिंग लॅपटॉप पुऱ्या जोरात असला की दीडशे वॉटच्या घरात खातो. त्रैराशिक तुम्हीच मांडा. बॅटरीवर आला की तो वेग उतरवतो आणि कसाबसा तासभर काढतो. तो मोठ्या विटेएवढा चार्जर सोबत हवाच.

डेस्कटॉपची गत वेगळी. लाइट गेली की क्षणात काळोख, खेळ जिथं होता तिथं मेला. 2000 च्या दशकातलं लोडशेडिंग आता राहिलं नाही, पण वळवाच्या पहिल्या सरीला आमच्याकडे आजही मेणबत्ती शोधतात. घरचा इन्व्हर्टर आहे, पण साध्या इन्व्हर्टरला बाहेरच्या विजेवरून बॅटरीवर यायला पापणी लवण्याइतका वेळ लागतो आणि तेवढ्यात कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. काही इन्व्हर्टरवर यूपीएसचं बटण असतं, ते दाबून ठेवायचं. आमच्या इन्व्हर्टरवर ते होतं. सहा वर्षं कुणी दाबलं नव्हतं. 150 अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर 1800 वॉट-तास देते. पडद्यासकट तीनशे वॉट धरले तर सहा तास. प्रत्यक्षात तीन-चार मिळाले तरी पुष्कळ. आणि त्यात घरातले पंखे आले की तेवढेही नाही.

दुरुस्तीचं बोलायचं तर आमच्या गल्लीत धूळ भरपूर. कांद्याच्या दिवसांत तर टरफलं उडत घरात येतात. डेस्कटॉपची पेटी दोन स्क्रू काढून, ब्रश मारून मी स्वतः साफ करतो. लॅपटॉप उघडायची माझी छाती नाही. शिवाय लॅपटॉपमध्ये ग्राफिक कार्ड मुख्य पाटीलाच जोडून टाकलेलं असतं. चार वर्षांनी नवे गेम झेपेनासे झाले तर डेस्कटॉपचं कार्ड बदलता येतं, लॅपटॉप आख्खा बदलावा लागतो. एका सेवा केंद्रात एकदा एका जुन्या लॅपटॉपच्या की-बोर्डसाठी मी पाच आठवडे हेलपाटे घातलेत, त्यावर पुन्हा कधीतरी.

असा सगळा हिशेब मी एका फुलस्केपवर मांडला. आमचं जुन्नर एके काळी हातकागदासाठी नावाजलेलं होतं, त्यामुळे असेल, मला कागदावर मांडल्याशिवाय काही पटत नाही. जेवणं झाल्यावर मी तो कागद लेकीला वाचून दाखवला. आणि शेवटी, काही गरज नसताना, बोलून गेलो, 'शेवटी खेळणंच ना ते. खेळण्याला एवढे पैसे!'

ती उठून गेली नाही. म्हणाली, 'अब्बा, खोडदला काय सांगितलं होतं आठवतं?'

आठवत होतं. ती नववीत असताना विज्ञान दिनाला मी तिला खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचं प्रदर्शन बघायला नेलं होतं. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या त्या तीस तबकड्या; एकेक 45 मीटर व्यासाची. चौदा मध्यावर दाटीनं आणि सोळा तीन दिशांना लांबवर, सगळा पसारा पंचवीस किलोमीटरचा. आम्ही त्या येता-जाता बघतो, त्यामुळे त्यांच्याकडे बघत नाही. तिथं एका माणसानं सांगितलं होतं, की सगळ्या तबकड्यांकडून येणारे संदेश तंतूंवरून एका जागी येतात आणि त्यांचा मेळ घालायला आता ग्राफिक प्रोसेसर वापरतात. गेममधली चित्रं काढायला जे निघालं, त्याच जातीचं. कारण काम एका प्रकारचं आहे: एकसारखी लहान लहान गणितं, हजारोंनी, एकाच वेळी. ती पडद्यावरच्या ठिपक्यांची असोत की आकाशातून आलेल्या लहरींची. नववीतल्या पोरीनं ते तीन वर्षं जपून ठेवलं होतं. मी मात्र घरी येऊन तबकड्यांवर कविता केली होती आणि त्यात ते प्रोसेसर कुठं नव्हते.

'मला ते उघडून बघायचंय,' ती म्हणाली. 'लॅपटॉप उघडता येत नाही हे तुमचं खरं आहे. डेस्कटॉप घेऊ. पण तुम्हाला तो का पाहिजे, ते तुम्ही त्या कागदावर लिहिलं नाही.'

माझ्या कागदावरचा एकही आकडा खोटा नव्हता. पण पोरीला उत्तर द्यायला माझ्याकडे आकडा नव्हता. लॅपटॉप म्हणजे भरलेली बॅग. तो पाठीला लावला की माणूस निघाला. डेस्कटॉपला टेबल लागतं, टेबलाला घर लागतं. मला ती दोन वर्षं तरी जुन्नरच्याच कॉलेजात हवी होती. तिची अम्मी निदान सरळ बोलली होती, डोळ्यांसमोर म्हणून. मी वॉटच्या आड उभा होतो. हे मी तिला त्या रात्री सांगितलं नाही; आज रेडिओवर सांगतोय. आमच्या पिढीतल्या बापांचं असंच.

डेस्कटॉप आला. दुकानात जोडून देत होते, तिनं नको म्हटलं. बैठकीत चटईवर सुटे भाग मांडून तिनं अडीच तासांत तो जोडला. मी टॉर्च धरून होतो. बटण दाबल्यावर पंखे फिरले, पडद्यावर काही आलं नाही. तिच्या अम्मीनं लगेच 'दुकानातच जोडून घ्यायचा होता' म्हणून घेतलं. रॅमची पट्टी नीट बसली नव्हती. ती दाबून बसवली आणि चित्र आलं.

यानंतर जे झालं ते माझ्या कोणत्याच हिशेबात नव्हतं. अम्मी पहाऱ्याला बैठकीत बसू लागली. हातात निवडायची भाजी, नजर पडद्यावर. लेक तेव्हा 'राजी' नावाचा गेम खेळत होती. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी केलेला, 2020 मध्ये आलेला. त्यात एक पोरगी राक्षसांनी पळवलेल्या आपल्या धाकट्या भावाला शोधत निघते. मधली गोष्ट छायाबाहुल्यांनी सांगितलेली, राजस्थानी वाड्यासारखे वाडे, भिंतींवर चित्रं. देवादिकांची गोष्ट, आमच्या घरातली नव्हे. पण भावाला शोधणारी बहीण कुणाच्या घरातली नसते? तिसऱ्या दिवशी मी पतसंस्थेतून आलो तेव्हा भाजी तशीच, आणि तिची अम्मी ओरडतेय, 'मागं बघ, मागं! मागून आला!' बाहेर नेहमीप्रमाणे सातच्या आत सगळ्यांची दारं लागलेली होती.

आता लोक मला विचारतात, तुमच्याकडे आहे, आम्ही काय घ्यावं? मी विचारतो, मूल कुठं राहणार? घरातच राहणार, टेबल आहे, तर तेवढ्याच पैशांत डेस्कटॉप जास्त धावेल, जास्त टिकेल, अंगावरचं एकेक बदलता येईल. फक्त यूपीएसचे पैसे बाजूला ठेवा. हॉस्टेल आणि घर अशा चकरा असतील, अभ्यासही त्यावरच करायचा असेल, तर लॅपटॉप घ्या आणि दुकानदाराला कार्डाचं नाव नव्हे, वॉट विचारा. त्याला सांगता आलं नाही तर दुसऱ्या दुकानात जा. गादीवर ठेवून खेळू देऊ नका, खालची हवा कोंडते. आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांची भीती असेल, तर ते 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या कायद्यानं बंद केले आहेत. आमच्या घरातला वाद त्यांचा नव्हताच. पण मूल कुठं राहणार, हे बापाला खरंच माहीत असतं का, हा प्रश्न मी विचारत नाही.

कारण आमच्या लेकीला त्याच पावसाळ्यात पुण्याला प्रवेश मिळाला. मी काही बोललो नाही. तिनंही कॉम्प्युटरचं नाव काढलं नाही. हॉस्टेलच्या खोलीत तिघींत एक टेबल. टेबलावरच्या यंत्रावर तिनं कापड टाकलं आणि ती एक बॅग घेऊन गेली. तीन महिने ते कापड तसंच होतं. अम्मी रोज वरून धूळ झटकायची. एकदा मी सहज बटण दाबलं तर पासवर्ड मागितला. तो आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हता.

दिवाळीनंतर चार मुलींनी मिळून भाड्याची जागा घेतली. फोनवर ती सगळं सांगत होती, स्वयंपाकघर केवढं, पाणी किती वाजता. मी विचारलं, 'टेबल ठेवायला जागा आहे?' ती थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, 'आहे.'

त्या रविवारी ती फोनवरून दाखवत गेली आणि मी पेटी उघडली. प्रवासात कार्ड आत ठेवू नये, वजनानं मुख्य पाटीला धक्का बसतो. ते काढून, ज्या पिशवीत आलं होतं तिच्यात घालून, तिच्या एका जुन्या दुपट्ट्यात गुंडाळलं. पडदा त्याच्या खोक्यात. सोमवारी पहाटेच्या एस.टी.त मी पेटी मांडीवर घेऊन बसलो. लॅपटॉपला मांडीवरचा म्हणतात. नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर करत वाकडेवाडीच्या स्टँडपर्यंत नव्वदेक किलोमीटर मांडीवर होता तो डेस्कटॉप. कंडक्टर म्हणाला, 'चाचा, टीव्ही का?' मी म्हटलं, कॉम्प्युटर, लेकीचा. तो म्हणाला, 'मग लेकीला न्यायला पाठवायची. बायकांना अर्धं तिकीट आहे.' तो नियम त्याच वर्षी मार्चमध्ये लागू झाला होता. मंचरच्या पुढे माझे दोन्ही पाय बधिर झाले होते.

तिनं संध्याकाळपर्यंत सगळं पुन्हा जोडलं. कार्ड बसवायला गेली आणि म्हणाली, 'अब्बा, दुसरा स्क्रू?' दोन स्क्रू होते. मी चष्म्याच्या घरात ठेवले होते; तिथं एकच निघाला. ती म्हणाली, 'चालेल, पण एका स्क्रूवर कार्ड खाली झुकतं.' असा स्क्रू पुण्यात कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात मिळाला असता, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

मी रात्री घरी परतलो तेव्हा बैठकीतलं टेबल मोकळं होतं आणि तिची अम्मी त्याच्याखाली झाडून घेत होती. स्क्रू सापडला होता. तिनं तो कागदात बांधला, कागद बटव्यात घातला. मी म्हटलं, 'पुढच्या आठवड्यात जाईन तेव्हा देतो.'

'तुम्ही राहू द्या,' ती म्हणाली. 'मीच जाते उद्या. अर्ध्या तिकिटात.'